मेपल स्ट्रीट कोल्हापुरात आणताना टेकडीवरच्या त्या दोघांचे काय करावे?

शुक्रवारपेठकर

नमस्कार. प्रश्न नाटकाचा असला तरी मुळात तो एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील भागाविषयी आहे, म्हणून या विभागात विचारतो आहे.

कोल्हापुरात आमचे दहा-बारा जणांचे हौशी नाट्यमंडळ आहे. कोणी बँकेत आहे, कोणाचे गुजरीत दुकान आहे, दोघे अजून महाविद्यालयात शिकत आहेत, आणि जागेअभावी नाटकाच्या तालमी आम्ही एका खऱ्याखुऱ्या तालमीच्या माडीवर करतो. यंदा 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकी मालिकेतील 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' या भागावर आधारित एकांकिका करावी, असे ठरत आले आहे. हक्कांची परवानगी मिळाल्याखेरीज प्रयोग लावायचा नाही, हेही ठरलेले आहे. तूर्त केवळ कच्च्या संहितेचे वाचन चालू आहे.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ४ मार्च १९६० रोजी तो प्रथम प्रसारित झाला आणि त्याचे लेखन मालिकेचे जनक रॉड सर्लिंग यांचेच आहे. उन्हाळा सरत आलेल्या एका शनिवारी, सायंकाळी ६ वाजून ४३ मिनिटांनी, मेपल स्ट्रीट नावाच्या शांत रस्त्यावरून आकाशात काहीतरी गडगडत, लखलखत जाते. लोक म्हणतात, उल्का असेल. मग दिवे जातात, दूरध्वनी बंद पडतात, बॅटरीवरचे रेडिओ मुके होतात आणि मोटारी सुरू होत नाहीत. पीट व्हॅन हॉर्न नावाचे गृहस्थ शेजारच्या रस्त्यावर काय परिस्थिती आहे ते पाहायला निघून जातात. मागे राहिलेल्यांना टॉमी नावाचा मुलगा आपण वाचलेली गोष्ट सांगतो: परग्रहावरचे लोक येण्यापूर्वी माणसांसारखे दिसणारे एक कुटुंब आधीच वस्तीत पाठवून ठेवतात. मोठी माणसे आधी हसतात. थोड्याच वेळात लेस गुडमन यांची मोटार आपोआप सुरू होते आणि हसणे थांबते. हे गुडमन रात्री-अपरात्री अंगणात उभे राहून आकाशाकडे पाहत असतात, असे एक शेजारीण सांगते. बिचाऱ्यांना निद्रानाशाचा विकार असतो. पुढे स्टीव्ह या समंजस माणसाचा तळघरातला हौशी रेडिओसंचही संशयास्पद ठरतो. अंधारातून कोणीतरी चालत येते, चार्ली नावाचा शेजारी बंदूक झाडतो, आणि पडलेला माणूस जवळ जाऊन पाहिला तर तो परतलेला पीट व्हॅन हॉर्न असतो. त्याच क्षणी चार्लीच्या घरातले दिवे लागतात. त्यानंतर जे होते ते सांगण्यापेक्षा पाहण्यासारखे आहे.

माझा प्रश्न शेवटच्या दीड-दोन मिनिटांविषयी आहे. टेकडीवर परग्रहावरचे दोघे जण उभे असतात आणि एक दुसऱ्याला कार्यपद्धती समजावून देतो की यंत्रे थोडा वेळ बंद करायची, अंधार करायचा, आणि मग बसून पाहायचे; उरलेले काम माणसे स्वतःच करतात. आमच्या मंडळात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. मला स्वतःला हा प्रवेश नको आहे. एक तर हौशी रंगभूमीवर परग्रहवासी आला की पहिल्या रांगेत हशा पिकतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की पंचवीस मिनिटे गल्लीने जे केले त्याचा दोष शेवटच्या दोन मिनिटांत बाहेरच्यांच्या माथी जातो, आणि प्रेक्षक निर्धास्त मनाने चहा प्यायला बाहेर पडतो. जाणकारांचे मत हवे आहे.

(गल्लीचे नाव मात्र संहितेत घेणार नाही. फुटबॉलच्या मोसमात तर नाहीच.)

कृष्णधवल

धागाकर्त्यांनी भागाचा सारांश नेमका दिला आहे, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. तो शेवट का आला हे समजण्यासाठी सर्लिंग विज्ञानकथेकडे कसे वळले ते पाहावे लागेल.

१९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटले. त्या घटनेवरून सर्लिंग यांना दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहायचे होते. ते १९५६ मध्ये 'नून ऑन डूम्सडे' या नावाने सादर झाले खरे, पण प्रायोजकांच्या धास्तीपायी बळी पडणाऱ्या माणसाची ओळख पुसट करण्यात आली, घटनास्थळ दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेण्यात आले, आणि दक्षिणेची आठवण होऊ नये म्हणून कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा दृश्यातून काढल्या गेल्या. नाटकातला दाह जाऊन केवळ राख उरली. जे वास्तववादी नाटकात बोलू देत नाहीत ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडी घातले तर कोणी अडवत नाही, हे सर्लिंग यांनी यातून हेरले. २ ऑक्टोबर १९५९ रोजी 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली. पाच हंगामांत तिचे १५६ भाग झाले आणि त्यांपैकी ९२ सर्लिंग यांनी स्वतः लिहिले.

तेव्हा टेकडीवरचे ते दोघे म्हणजे लेखकाने काढलेले परवानापत्र आहे. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांच्या मागे लागणारे सिनेटर मॅकार्थी यांच्या काळातला, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर बोट ठेवण्याचा अनुभव अमेरिकेत अजून ताजा होता. त्याविषयी १९६० साली घराघरांतल्या पडद्यावर बोलायचे, तर परग्रहवासी हवेच होते.

शेवटाची अडचण पुढील लोकांनाही जाणवलेली दिसते. सर्लिंग यांनी याच भागाचे कथारूप १९६० साली पुस्तकात दिले, तेव्हा शेवट वाढवला: रस्ता निर्मनुष्य होतो आणि पुढच्या आठवड्यात तिथे नवे रहिवासी राहायला येतात, देखणे, रुबाबदार, प्रत्येकाला दोन डोकी असलेले. २००३ मध्ये पुनरुज्जीवित मालिकेत हीच गोष्ट पुन्हा केली गेली, तेव्हा परग्रहवासी गेले आणि त्यांच्या जागी स्वतःच्याच देशाचे सैन्य आले. दहशतवादाच्या भीतीने वस्ती कशी वागते याचा तो प्रयोग असतो. म्हणजे त्यांनी पाहणारा बदलला, पण पाहणाऱ्याची जागा रिकामी ठेवली नाही. आपणही ठेवू नये. गल्लीत आग लागते तेव्हा त्या उजेडात आपले काम उरकून घेणारा कोणीतरी असतो, हे त्या प्रवेशाचे म्हणणे आहे. प्रवेश कापला की ते म्हणणेही कापले जाते.

हशा पिकेल ही भीती मात्र रास्त आहे. मूळ भागातही त्या दोघांचे गणवेश आणि त्यांची उडती तबकडी एमजीएम स्टुडिओच्याच १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटातून उसनी आणलेली आहे, आणि ती उसनवारी डोळ्यांना जाणवते. जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओच्या गावाला ही काटकसर वेगळी समजावून सांगायला नको.

उपकेंद्र

वीजवितरणात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. नाटकातले मला फारसे कळत नाही, परंतु तुमची एकांकिका ज्या पायावर उभी आहे तो पाया विजेचा आहे, म्हणून लिहितो.

मेपल स्ट्रीटवरची भीती केवळ दिवे गेल्यामुळे निर्माण होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. दिवे कुठेही जातात. जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज मात्र दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांतून त्याच तारेने घरापर्यंत येत असे, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन चालू राही. रेडिओला स्वतःचे सेल होते आणि मोटारीला स्वतःची बॅटरी. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार पुरवठे एकाच क्षणी बंद पडतात, हे त्या काळच्या प्रेक्षकाला बरोबर कळत होते, आणि त्याची पाचावर धारण बसण्याचे कारण तेच होते. पुढे जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोटाची चाचणी केली, तेव्हा १,४०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या हवाईमध्ये सुमारे ३०० पथदिवे बंद पडले. म्हणजे वरून काहीतरी जावे आणि खाली दिवे विझावेत, ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. मात्र अशा धक्क्याने बंद पडलेले एकच घर पुन्हा उजळत नाही. ती किमया लेखकाची.

आता कोल्हापूर. आपल्या गल्लीत एकाच घरात दिवा लागला तर कोणीही त्या घरमालकावर संशय घेणार नाही. शेंबडे पोरसुद्धा सांगेल की "फेज गेलाय". डीपीवरून तीन फेज निघतात, घरे त्यांवर वाटून दिलेली असतात, आणि एका फेजचा फ्यूज उडाला की साधारण एक तृतीयांश घरे अंधारात जातात आणि बाकीच्या घरांत टीव्ही चालू राहतो. शिवाय आता निम्म्या घरांत इन्व्हर्टर आहे. तेव्हा सगळी गल्ली अंधारात आणि चार्लीकडेच दिवे, हे दृश्य इथे जसेच्या तसे घेतलेत तर प्रेक्षक घाबरणार नाहीत, तुम्हाला वायरमनचा नंबर देतील.

संशय निर्माण करायचाच असेल तर मोबाइल घ्या. सगळ्यांचे नेटवर्क गेलेले असताना एकाच माणसाच्या खिशात फोन वाजला, की बघा.

पंचगंगातीर

'उपकेंद्र' यांचा प्रतिसाद वाचून हसले, परंतु मोबाइलची सूचना अत्यंत योग्य आहे.

मी २०१९ च्या महापुराचे सांगते. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे शहराचा नळाचा पुरवठा कित्येक दिवस बंद होता, महामार्ग शिरोलीजवळ बंद होता, पेट्रोल जपून मिळत होते. आमच्या गल्लीत पूर शिरला नव्हता, पण पाणी आणि वीज दोन्ही नव्हते. अशा वेळी एका घरातून रोज रात्री जनरेटरचा आवाज येई आणि त्यांची बोअर चालू असल्याचे सर्वांना ऐकू जाई. तिसऱ्या दिवशी बायकांच्या बोलण्यात ते घर यायला लागले. हे गृहस्थ कोणाशी फारसे बोलत नाहीत, गणपतीची वर्गणीही हात आखडूनच देतात, अशी त्यांची जुनी पापे आठवायला लागली. मीही त्यात होते, हे कबूल करते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी घरातून पाइप काढून तो रस्त्यावर सोडला आणि दुपारपर्यंत कळश्यांची रांग लागली. पाइप मिळायला वेळ लागला, असे ते म्हणाले. इतकेच कारण होते.

यावरून मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. सर्लिंग यांचा रस्ता एका संध्याकाळीत पेटतो, कारण त्यांच्याकडे पंचवीस मिनिटेच होती. आपल्याकडे मधे तालमीची पोरे असतात, कट्ट्यावरचे म्हातारे असतात, एखादी खमकी आजी असते. ही माणसे संहितेत ठेवून मग त्यांचे कोणी ऐकत नाही असे दाखवलेत, तरच प्रेक्षक तुमच्यावर विश्वास ठेवतील. एकट्या स्टीव्हवर समंजसपणाचा सगळा भार टाकू नये.

दुसरी गोष्ट टॉमीची. आमच्या गल्लीत अंधार होता, टंचाई होती, संशयही होता. गोष्ट तेवढी नव्हती. चार-दोन दिवसांत जी कुजबुज झाली तिला कोणी गोष्टीचा आकार दिला असता, तर पाइप रस्त्यावर येण्याआधी दगड त्या दारावर गेला असता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले, तेव्हा गावात वीज होती आणि फोनही चालू होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही गोष्ट मात्र त्यांच्याआधी तिथे पोचलेली होती. राईनपाड्यात टेकडीवर कोणी उभे नव्हते, 'कृष्णधवल' सर. म्हणून माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. ते दोघे नकोत. टॉमीला मात्र हात लावू नका, आणि त्याच्या हातात पुस्तकाऐवजी फोन द्या. नेटवर्क जाण्याआधी शेवटचा आलेला संदेश तो वाचून दाखवतो, आणि त्यानंतर तो खरा की खोटा हे तपासायला कोणाकडेच काही साधन उरलेले नसते.

कृष्णधवल

ताईंचा राईनपाड्याचा मुद्दा मान्य करतो. त्यापुढे मी मांडलेला युक्तिवाद थोडा पुस्तकी वाटतो, हेही मान्य करतो.

तरीही रचनेची एक अडचण राहतेच. पीट पडल्यावर चार्लीच्या घरात दिवे लागतात, आणि पुढे ते एका घरातून दुसऱ्या घरात उड्या मारत राहतात. मूळ भागात हा सगळा खेळ टेकडीवरून चाललेला असतो. टेकडी काढलीत तर तो दिवा कोणी लावला? प्रेक्षक हा प्रश्न विचारणारच, आणि उत्तर नसेल तर लेखकाने आपल्या सोयीसाठी लावला असे म्हणणार. मोबाइल वाजण्यालाही हेच लागू आहे.

उपकेंद्र

याचे उत्तर सोपे आहे. वायरमनने लावला.

आधी मी उलट बोललो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. फेज गेल्यावर काय होते ते लोकांना ठाऊक असते, पण लोक शांत असतानाच ते आठवते. त्या रात्री वादळी पावसाने एकंदर बिघाड झालेला आहे, गल्लीच्या टोकाला वायरमन शिडी लावून खांबावर चढला आहे, असे समजा. तो एका फेजचा फ्यूज बसवतो; दर दोन घरे सोडून तिसरे घर उजळते. कुठेतरी अजून दोष असतो, फ्यूज पुन्हा उडतो. तो दुसरी फेज पाहतो, आता वेगळी घरे उजळतात. एखाद्या घराची खांबावरची सर्व्हिस वायर सैल असेल तर तेवढे एकच घर लुकलुकते. म्हणजे मेपल स्ट्रीटवर दिव्यांच्या ज्या उड्या दाखवल्या आहेत, त्या बिघाड काढताना रोज दिसणाऱ्या उड्या आहेत. इन्व्हर्टरची अडचण असेल तर वीज जाऊन दोन दिवस झाले आहेत असे दाखवा. तोपर्यंत सगळे इन्व्हर्टर झोपलेले असतात.

तुमच्या टेकडीऐवजी हा खांब. फरक एवढाच की टेकडीवरचे दोघे रस्त्याकडे बघत असतात आणि खांबावरच्या माणसाची रस्त्याकडे पाठ असते. खाली आरडाओरडा चालला आहे हे त्याला ऐकू येत नाही का, असे कोणी विचारेल. येते. पण वीज गेलेल्या गल्लीत वायरमन चढला की खालून ओरडा आणि शिव्या येतातच; त्याला त्याची सवय असते. त्याला वाटते, नेहमीचेच चालले आहे.

पंचगंगातीर

मग पीट व्हॅन हॉर्नच्या जागी वायरमनला बोलवायला गेलेला माणूस ठेवा. तो आधी जातो, वायरमन मागून येऊन दुसऱ्या टोकाला खांबावर चढतो, आणि निरोप घेऊन अंधारातून परतणाऱ्याला ही माणसे मारतात. "येतोय तो" एवढेच त्याला सांगायचे असते.

बंदूक मात्र नको. आपल्या गल्लीत हाताशी दगड असतो, आणि मूळ भागातही चार्लीला शेवटी दगडच लागतो.

शुक्रवारपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारच्या वाचनात हा धागा मोठ्याने वाचून दाखवला आणि मंडळातले दोन्ही तट बऱ्याच अंशी शमले. जे ठरले ते येथे नोंदवतो.

टेकडी आणि परग्रहवासी काढले आहेत, खांब ठेवला आहे. 'कृष्णधवल' यांच्या म्हणण्याप्रमाणे पाहणाऱ्याची जागा रिकामी राहत नाही, आणि मला हवे होते त्याप्रमाणे दोष गल्लीबाहेर जात नाही. पाहणारा न पाहणारा झाला, एवढेच. गल्लीतल्या अंधाराचा फायदा उठवणारा कोणी असतो हा मुद्दा यात निसटतो, याची जाणीव आहे; त्यासाठी टॉमीच्या फोनवर आलेला संदेश कोणी पाठवला हे शेवटपर्यंत सांगायचे नाही, असा एक बारीकसा उपाय सुचला आहे. तो पुरेसा आहे की नाही, हे तालमीत कळेल. ताईंची आजीही घेतली आहे. ती दोनदा सगळ्यांना गप्प करते आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज पोचत नाही.

आकाशातला सुरुवातीचा गडगडाट तेवढा ठेवतो आहोत. पावसाळी रात्री तो कसला, हे कोणालाच विचारावेसे वाटणार नाही.

'उपकेंद्र' काका, एक अडचण फक्त आपणच सोडवू शकाल. रंगमंचावर सहा घरांच्या सहा खिडक्या आहेत आणि त्यांतले दिवे तीन फेजप्रमाणे खरोखर जोड्यांनी लागावेत आणि विझावेत, अशी दिग्दर्शकाची इच्छा आहे. आमच्या प्रकाशयोजनाकाराने सहाही खिडक्या एकाच स्विचवर घेतल्या आहेत आणि बदल करायला तो तयार नाही. आपण एखाद्या संध्याकाळी तालमीच्या माडीवर आलात तर तो आपले ऐकेल. वायरमनची भूमिका करायला तिघे जण तयार आहेत. शिडीवर प्रेक्षकांकडे पाठ करून बारा मिनिटे काहीही न बोलता उभे राहायचे आहे असे कळल्यावर त्यांतला एक उरला आहे, आणि हातात पक्कड कशी धरायची हे त्यालाही दाखवावे लागेल.

उपकेंद्र

गुरुवारी सायंकाळी सातला येतो. पक्कड माझी आणतो. शिडी लाकडी असावी.